वैकिकीच्या हॉटेलात संपाची शक्यता: सहा जणांचं बुकिंग ठेवावं की मोडावं?

स्नेहल_सनीवेल

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियातल्या सनीवेलचे. हवाईत होनोलुलूच्या वैकिकी भागात पाच रात्री, दोन खोल्या, सहा माणसं. आम्ही दोघं, मुलं (६ आणि ११ वर्षं) आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, दोघंही शुद्ध शाकाहारी. निघायला १९ दिवस उरलेत आणि आता बातमी आली की आमच्या हॉटेलच्या कामगारांनी संपाच्या बाजूने मतदान केलंय.

पहिली खोली थेट हॉटेलच्या साइटवरून घेतलीय, ७२ तास आधीपर्यंत रद्द केली तर दंड नाही. दुसरी एका ट्रॅव्हल साइटवरून, नॉन-रिफंडेबल, सगळे पैसे भरून झालेत, तेही सासऱ्यांच्या भारतातल्या क्रेडिट कार्डावरून. हॉटेलला फोन केला तर "आम्ही सुरूच राहणार आहोत" एवढंच उत्तर. सुरू म्हणजे नेमकं काय सुरू? संप झालाच तर कशाकशाची अडचण होते, पैसे कुठल्या वाटेने परत मिळतात आणि थांबायचं तर कधीपर्यंत, हे जाणकारांनी सांगावं. विमानाची तिकिटं बदलायची नाहीत.

करारपत्र

आधी मतदानाचा अर्थ समजून घ्या. हा संप नव्हे. वाटाघाटी करणाऱ्या समितीच्या हाती सभासदांनी दिलेली ती चावी आहे, कुलूप उघडायचं की नाही ते समिती ठरवते. लास व्हेगासमध्ये २०२३च्या सप्टेंबरात ९५ टक्के मतं संपाच्या बाजूने पडली होती. नोव्हेंबरात फॉर्म्युला वनची शर्यत तोंडावर आली आणि तीन मोठ्या कंपन्यांशी एका दिवसाचाही संप न होता करार झाले. त्यामुळे बातमी वाचून लगेच बुकिंग मोडू नका.

पण चावी फिरलीच तर आगाऊ कळेल याची खात्री नाही. आपल्याकडे औद्योगिक संबंध संहितेत १४ दिवसांच्या नोटिशीची भानगड आहे. अमेरिकेच्या कामगार कायद्यात संपाआधी १० दिवसांची नोटीस फक्त रुग्णालयं वगैरे आरोग्यसंस्थांना लागते, हॉटेलांना नाही. रात्री सगळं आलबेल आणि पहाटे पाचला दारात संपकऱ्यांचे ढोल, असं होऊ शकतं. सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार युनियन मुद्दाम निवडते, तोही लक्षात घ्या. आणि बातमीत मतांची टक्केवारी बघत बसू नका, जुना करार कधी संपला किंवा संपतोय ती तारीख शोधा. करार चालू असेपर्यंत त्यात बहुधा संपबंदीचं कलम असतं. तारीख उलटून गेली असेल तर समितीचे हात मोकळे.

संप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १९८२चा गिरणी संप येतो, शेवटच न झालेला. इथे तीन तऱ्हा दिसतात. ठरावीक दिवसांचा: २०२४ साली लेबर डेच्या (अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या) सुट्टीला जोडून १ सप्टेंबरपासून अनेक शहरांत मिळून सुमारे १०,००० हॉटेल कामगार दोन-तीन दिवसांसाठी बाहेर पडले, त्यात होनोलुलू होतं. लाटांचा: लॉस एंजेलिसला २०२३च्या जुलैपासून, आज ही चार हॉटेलं, पुढच्या आठवड्यात दुसरी. आणि बेमुदत: वैकिकीत २०१८ साली ५१ दिवस, २०२४ साली हिल्टन हवाईयन व्हिलेजमध्ये ४० दिवस. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८चा ६१ दिवस आणि २०२४चा ९३ दिवस चालून नाताळच्या आदल्या दिवशी मिटला.

तुमच्या कामाचा हिशोब एवढाच: खोली रद्द करायच्या मुदतीच्या दिवशी बेमुदत संप सुरू असेल तर तुम्ही पोचाल तेव्हाही तो असेल असंच धरा. "होईल हो मिटून" यावर खोली ठेवू नका. ठरावीक दिवसांचा असेल तर तारखा जुळवून बघा आणि निवांत जा.

लॉबीमागचा

"सुरू राहणार" हे खरंच असतं. हॉटेल बंद पडत नाही, पण त्यातलं हॉटेलपण निघून जातं. खोली, पाणी, वीज, वायफाय, चावी हे मिळतं. बाकी सगळं व्यवस्थापक आणि इतर शहरांतून बोलावलेली मंडळी जमेल तसं करतात.

सगळ्यात आधी कोलमडतं ते हाऊसकीपिंग. सवयीची बाई एका पाळीत साधारण १४ ते १६ खोल्या आवरते. समजा एका दिवशी ५०० खोल्या रिकाम्या झाल्या, तर एरवी ३५-३६ जणी त्या दुपारी तीनपर्यंत तयार करतात. संपात त्याच कामावर ४० व्यवस्थापक लावले आणि प्रत्येकाने दमछाक करून सहा खोल्या केल्या, तरी २४० होतात. उरलेल्या २६० एकतर विक्रीतून काढून ठेवतात, नाहीतर चेक-इन संध्याकाळी सहा-सातवर जातं. शिवाय चार दिवस कुणी हात न लावलेली खोली आवरायला रोजच्या खोलीच्या दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे जसजसे दिवस जातात तसतसा ढीग वाढत जातो. संपाच्या दुसऱ्या दिवशीचा पाहुणा आणि विसाव्या दिवशीचा पाहुणा, दोघांचं हॉटेल वेगळं असतं.

म्हणून तुम्ही पोचाल त्या दिवसासाठी एक वेगळी पिशवी भरा: सगळ्यांची औषधं, मुलांचे पोहायचे कपडे, एक टॉवेल, चार्जर. मोठ्या बॅगा उतरवून घ्यायला बेल डेस्कवर माणूस नसेल. ट्रॉली स्वतः शोधायची, स्वतः ढकलायची. गाडी भाड्याने घेणार असाल तर व्हॅले पार्किंग (हॉटेलच्या माणसाने गाडी लावून देणं) बहुधा बंद असतं. सासऱ्यांना दारात उतरवा, पण पिकेट लाइन (फलक घेतलेल्या संपकऱ्यांची रांग) दारासमोरच फिरत असते, तेव्हा गाडी हळू आत घ्या. ते लोक बाजूला होतात. पाहुण्यांना अडवायचा त्यांना अधिकार नाही आणि तसा त्यांचा बेतही नसतो, ओरडतात मात्र भरपूर.

मुक्कामात रोजची सफाई मिळणार नाही असं धरून चाला. लॉबीत टेबल मांडलेलं असतं: वापरलेले टॉवेल द्या, मोजून तेवढेच नवे घ्या. सकाळी साडेआठ-नऊला रांग लागते. दुपारी जा, पण फार उशीर नको, कारण कपडे धुणारी लाँड्री बाहेरची असेल तर तिचा ट्रक येईलच असं नाही. बऱ्याच ट्रकचालकांच्या स्वतःच्या करारात पिकेट लाइन न ओलांडण्याची मुभा असते. बिअर, भाजी, चादरी, सगळ्यांचं तेच. सहा जणांना पाच रात्री म्हणजे निदान दोनदा चादरी बदलाव्या लागतील. पहिल्याच दिवशी जास्तीचा एक संच, चार उशांचे अभ्रे आणि बाथरूमचे दोन पायपुसणे मागून ठेवा. पायपुसणं ही चैन नाही. ओली फरशी आणि दुखरे गुडघे, तेवढं टाळा.

कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या घरून न्या. गाठ मारून दाराबाहेर ठेवायला सांगतात. खाण्याचा कचरा त्यात रात्रभर ठेवू नका, हवाईत मुंग्या आणि झुरळं कुणाची वाट बघत नाहीत.

खानपानात रूम सर्व्हिस पहिली बंद, मग रेस्टॉरंटं एकेक करून. शेवटी एक बुफे आणि एक 'घ्या आणि चला' काउंटर उरतो. पूल बहुधा उघडा असतो, वेळ कमी केलेली असते, पूलसाइड बार बंद.

आवाज. हे लोक हलक्यात घेतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत पाळ्यांनी ढोल, पातेली, भोंगे. वैकिकीत इमारती जवळजवळ आणि प्रत्येकीला बाल्कनी, त्यामुळे आवाज भिंतींवर आदळत वर चढतो. विसाव्या मजल्यावरही घोषणेतले शब्द ओळखू येतात. गाड्या येतात त्या दरवाजाच्या वरची बाजू टाळा. समुद्राकडे तोंड, दरवाजाच्या विरुद्ध टोक, बाल्कनीचं दार बंद आणि एसी सुरू, एवढं केलं की झोप लागते. मजल्यापेक्षा दिशा महत्त्वाची.

सासऱ्यांसाठी आधाराचा दांडा असलेली, उंबऱ्याशिवायच्या शॉवरची खोली हवी असेल तर ती आत्ताच बुकिंगवर चढवून घ्या. तशा खोल्या मोजक्याच असतात, संपात वाटाघाटीला माणूस भेटत नाही.

कार्डवाला_काका

आता पैसे. दोन खोल्यांची दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका.

पहिली खोली सोपी. आजच दुसऱ्या ठिकाणी दंडाशिवाय रद्द होणारी जागा धरून ठेवा. दोन्ही बुकिंग काही दिवस समांतर चालू द्या आणि मुदतीच्या आत एक सोडा. आधी रद्द आणि मग शोधाशोध, हा उलटा क्रम नको. संप सुरू झाला की सगळेच पाहुणे शेजारच्या हॉटेलांकडे धावतात आणि दर चढतात.

दुसऱ्या खोलीत कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव कुणाचं आहे ते बघा. ट्रॅव्हल साइटचं असेल तर पैसे हॉटेलकडे गेलेलेच नसण्याची शक्यता मोठी. साइट हॉटेलला एक आभासी कार्ड देते आणि हॉटेल ते तुम्ही पोचल्यावर वापरतं. म्हणूनच हॉटेल म्हणतं साइटला विचारा, साइट म्हणते हॉटेलने माफ केलं पाहिजे. यात गाठ सोडवणारा माणूस रिसेप्शनवर नसतो. 'रिझर्व्हेशन्स मॅनेजर' मागा. मंगळवार ते गुरुवार, हवाईच्या सकाळी नऊनंतर. हवाईत घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात ते कॅलिफोर्नियाच्या तीन तास मागे आणि हिवाळ्यात दोन तास. त्यांनी दंड माफ केला की नाव आणि तारीख ईमेलवर घ्या, मग साइटला फोन लावून तिघांना एकाच लाइनवर आणा. हे होईपर्यंत ॲपमधलं 'रद्द करा' बटण दाबू नका. ते दाबलं की तुम्ही स्वतःहून रद्द केलं अशी नोंद होते आणि पुढचा सगळा युक्तिवाद तिथेच संपतो.

माफी मिळालीच नाही तर उरते ती रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या भाड्यावर वेगळी घेतात ती फी, परत मागण्याची वाट. वैकिकीत ती खोलीमागे रात्रीला ५० डॉलरच्या आसपास असते. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून ती जाहिरातीतल्या एकूण दरात दाखवणं सक्तीचं झालंय, पण ती घेण्यावर बंदी नाही. ती कशाबद्दल घेतात याची यादी हॉटेलच्या साइटवर असते: पूलचे टॉवेल, हुला किंवा युकुलेलेचे वर्ग, कॉफी, असं काहीबाही. आज त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. यातलं जे मिळालं नाही त्याबद्दल फी परत मागता येते आणि तिच्यावरचा करही. हवाईतले खोलीवरचे कर सगळे मिळून १८.७ टक्क्यांच्या आसपास जातात. दोन खोल्या, पाच रात्री, ५० डॉलर म्हणजे ५०० डॉलर, कर धरून सुमारे ५९३. मागायला लाज वाटावी अशी ही रक्कम नाही. मागायची ती चेक-आउटच्या आदल्या संध्याकाळी, ड्युटी मॅनेजरकडे. सकाळी विमान गाठायच्या घाईत नाही.

कार्डावरून वाद घालणं (चार्जबॅक) हे शेवटचं हत्यार आणि तेही बोथट. खोलीत राहिलात तर पूर्ण रक्कम परत येत नाही, न मिळालेल्या सेवेपुरतं भांडा. अमेरिकन कार्डावर स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार जायला हवी. सासऱ्यांचं कार्ड भारतातलं, म्हणजे तक्रार त्यांच्याच नावाने, त्यांच्याच ईमेलवरून त्यांच्या बँकेकडे. ओटीपीसाठी त्यांचं भारतातलं सिम चालू ठेवा. आणि भारतीय कार्डाचा एक छुपा चिमटा: ३.५ टक्के परकीय चलन मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४.१३ टक्के. दीड लाखाच्या खोलीवर ६,१९५ रुपये. रिफंड आला तरी तो त्या दिवशीच्या डॉलरच्या दराने येतो आणि मार्कअप बहुधा बँकेकडेच राहतो.

विमा काढायचा विचार असेल तर सोडा. मतदानाची बातमी आल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत हा 'आधीच माहीत असलेला धोका' ठरतो. पॉलिसीतलं संपाचं कलमही बहुतेक वेळा विमान किंवा बोट कंपनीच्या संपाचं असतं, हॉटेलच्या नव्हे. कुठल्याही कारणाने रद्द करू देणारी पॉलिसी असते, ती ५० ते ७५ टक्के देते, पण सहलीचा पहिला पैसा भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत घ्यावी लागते. सासू-सासऱ्यांची व्हिजिटर पॉलिसी वैद्यकीय असते, तिचा इथे उपयोग नाही.

नाका_कामगार

वरचं सगळं बरोबर, पण एक बाजू राहिली. 'युनाइट हिअर' ही हॉटेल कामगारांची युनियन 'फेअरहॉटेल' नावाची साइट चालवते. हॉटेलचं नाव टाकलं की तिथे संप आहे, बहिष्कार आहे की वादाची शक्यता आहे ते दिसतं. होनोलुलूची शाखा म्हणजे लोकल ५. हॉटेलच्या फोनपेक्षा ही माहिती आधी येते, कारण संप कधी करायचा ते त्यांनाच ठरवायचं असतं. पर्यायी हॉटेल धरण्याआधी तेही तिथे तपासा. एकाच वेळी अनेक हॉटेलांचे करार संपलेले असतात, शेजारी जाऊन पुन्हा त्याच ढोलात सापडाल.

आणि रोजची सफाई संपामुळेच गेली असं समजू नका. कोविडनंतर अनेक हॉटेलांनी ती 'मागितली तर' अशी करून टाकली, बायकांचे तास कमी झाले आणि घाण साचलेली खोली आवरायचं काम मात्र अवघड झालं. २०२४च्या संपात पगाराइतकाच तो मुद्दा होता. रिफंड मागताना "तुमचे कामगार आळशी" असलं काही लिहू नका. तक्रार न मिळालेल्या सेवेची करा.

स्नेहल_सनीवेल

खूप आभार सगळ्यांचे. आज रिझर्व्हेशन्स मॅनेजरला ईमेल टाकते. त्यात नेमके कोणते प्रश्न घालू? आणि स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर सासूबाईंची खाण्याची चिंता मिटेल का? त्या पुण्याहून आणलेली किटली आणि छोटी इंडक्शन शेगडी न्यायची म्हणताहेत.

लॉबीमागचा

ईमेल छोटा ठेवा, हो-नाही उत्तर देता येईल असे प्रश्न. संप झाल्यास रोजची सफाई होईल का, टॉवेल-चादरी कुठे आणि किती वेळा बदलून मिळतील, सकाळचा नाश्ता देणारं कोणतं रेस्टॉरंट उघडं राहील आणि कितीपासून, पूल किती ते किती, चेक-इनला खोली चारपर्यंत न मिळाल्यास काय, आणि माझ्या तारखांना संप असल्यास दंड न घेता रद्द करू द्याल का. दोन्ही बुकिंग क्रमांक विषयातच टाका. "आवाजाची काळजी घेऊ" असलं गोलमाल उत्तर आलं तर खोलीची बाजू कोणती ते पुन्हा विचारा. उत्तर आलंच नाही तरी तुमचा ईमेल पुढे रिसॉर्ट फी मागताना पुरावा म्हणून चालतो.

शेगडी घरीच ठेवा. हॉटेलच्या खोलीत शेगडी चालत नाही, फोडणीच्या धुराने अलार्म वाजला तर दंड वेगळा. आणि २३० व्होल्टची किटली १२० व्होल्टवर जेमतेम पाव ताकदीने तापते. चहाचं पाणी उकळेपर्यंत आधण विसरायची पाळी येईल. सनीवेलमधूनच वीस डॉलरची घ्या.

कैवल्य_काइमुकी

स्वयंपाकघराचं सांगतो. होनोलुलूत ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचं घर भाड्याने देणं बहुतेक भागांत बेकायदा आहे, वैकिकीतल्या रिसॉर्ट भागातल्या काही इमारती आणि जुने परवानेधारक सोडले तर. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे जा, ऐन वेळी रद्द होण्याची भीती हॉटेलच्या संपापेक्षा तिथे जास्त. वैकिकी बॅनियन, वैकिकी सनसेट यांसारख्या कॉन्डो (खाजगी मालकीच्या फ्लॅटच्या) इमारतींत एका बेडरूमच्या, पूर्ण स्वयंपाकघराच्या जागा मिळतात. मात्र सफाईचे एकरकमी पैसे वेगळे लागतात, पाच रात्रींत भागून बघा.

हॉटेलातच राहिलात तर साउथ किंग स्ट्रीटवर 'डाउन टू अर्थ' म्हणून पूर्ण शाकाहारी किराणा दुकान आहे, तयार गरम जेवणाचा काउंटर आहे, वजनावर घ्यायचं. वैकिकीत कोपऱ्याकोपऱ्यावर एबीसी स्टोअर आहे, तिथे दूध, दही, केळी, ब्रेड मिळतं, भात-भाजीची अपेक्षा ठेवू नका.

घरून नेताना थेपले, मेतकूट, भाजलेला रवा, कोरड्या चटण्या खुशाल न्या. ताजा कढीपत्ता, लिंबं, मिरच्या, फळं मात्र नकोत. हवाईत उतरताना शेतमालाची घोषणा भरून द्यावी लागते आणि कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला असल्याने त्यावर त्यांचा विशेष डोळा असतो. येताना उलट तपासणी होते, बॅगा एक्स-रेतून जातात. अननस आणि नारळ चालतात, हॉटेलसमोरच्या झाडाचा आंबा नाही.

कार्डवाला_काका

स्नेहलताई, एक राहिलं. ते ७२ तास हवाईच्या घड्याळाने आणि चेक-इनच्या वेळेपासून उलटे मोजतात. दुपारी तीनचं चेक-इन असेल तर तीन दिवस आधी तिथले दुपारचे तीन. काही हॉटेलं मात्र आदल्या मध्यरात्रीची मुदत धरतात. कन्फर्मेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, आत्ताच उघडून बघा आणि फोनवर त्याआधी सहा तासांचा गजर लावा.